पलंगाखालच्या दोन विटा

सकाळी साडेसहाला फोन वाजला. रंगनाथच्या घरून, वहिनी. "भावजी, आज येऊ नका." एवढंच म्हणाल्या. मी आपला नेहमीसारखा, "का हो, पाहुणे आलेत का? की पोट बिघडलं त्याचं परत?" पलीकडून काही नाही. फोन बंदही झाला नाही. त्यांनी तो कुठंतरी तसाच ठेवला असावा, आणि मी कान लावून त्या घरातला आवाज ऐकत राहिलो... म्हणजे आवाज नव्हताच. तेच तर. सोळा वर्षांत त्या घरात सकाळची शांतता मी ऐकली नव्हती. रंगनाथचा सकाळचा खोकला असा असायचा की मकबऱ्याच्या मिनारांवरची कबुतरं एकदम उडायची आणि अर्ध्या शहरावर सावली धरायची. आता मकबरा त्याच्या घरापासून चांगला तीन-चार मैल लांब आहे, हे मला मान्य. पण कबुतरं उडायची हे खरं. फक्त ती समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरची.

येऊ नका म्हटल्यावरही मी गेलो. सात वाजता, नेहमीच्या वेळेला. त्याला खाली सतरंजीवर ठेवलं होतं आणि पलंग रिकामा होता. लोखंडी पलंग, पायथ्याच्या दोन पायांखाली एकेक वीट, त्यामुळं डोक्याकडं उतार. कुणीतरी आत्ता येऊन पालथं पडेल आणि डोकं खाली करून खोकायला लागेल, अशा तयारीत तो पलंग उभा होता. लोक येत होते, हार येत होते, मी मात्र त्या उताराकडं बघत होतो आणि माझे दोन्ही तळहात वाटीसारखे वळलेले होते. कुणीतरी हळूच म्हणालं, "काका, हात जोडा." मला ते सरळच करता येईनात.

याला आता सहा आठवडे झाले. हात अजून ताळ्यावर नाहीत. सात वाजले की आपोआप वळतात आणि जे समोर येईल ते थोपटायला लागतात. मांडी, टेबल, गॅसची टाकी. परवा पैठणला निघालो होतो, तर बसमध्ये समोरच्या सीटच्या पाठीवर मी इतकं थोपटलं की त्या सीटवरच्या बाई बिडकीनला उठून कंडक्टरशेजारी जाऊन बसल्या. आमची बायको म्हणते, "एवढी खुमखुमी आहे तर गाद्या झोडपा, धूळ तरी निघेल." झोडपल्या. धूळ निघाली. आत जे अडकलंय ते काही निघेना.

मी गुलमंडीवर छत्तीस वर्षं कापड विकलं. मालक म्हणून नाही, काउंटरमागं उभा राहून. मोठं करून सांगणं हा माझा पोटाचा धंदा. "ताई, धुतलं की रंग अजून खुलतो" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की ते ओळीनं मांडलं तर दौलताबादच्या किल्ल्याला तीन वेढे बसतील. रंगनाथ गंगापूरकडचा, कपाशी-उसाच्या घरातला. आम्ही दोघं विशीत असताना औरंगपुऱ्यात एका खोलीत राहायचो. तो पुढं शाळेत खेळाचा मास्तर झाला, मी दुकानात चिकटलो. मी साधा नोकर, पण तो मला मरेपर्यंत "शेट" म्हणत राहिला. त्यात प्रेम किती आणि टोमणा किती, हे मी कधी मोजलं नाही.

कबड्डीत तो असा रेडर होता की समोरच्या संघातली पोरं त्याला बघूनच जमिनीवर बसायची. एका दमात तो मैदानात शिरायचा, तिघांना शिवायचा, पंचाला राम राम करायचा, कोपऱ्यात चहा प्यायचा आणि परत यायचा. बरं, चहा नाही प्यायचा. पण तिघांना शिवायचा, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. आणि गंमत अशी की या माणसाची छाती लहानपणापासून अधू होती. गोवर झाला, तो छातीत उतरला, महिनाभर पोरगं जगतंय की नाही अशी गत झाली. जगलं, पण उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग तेव्हापासून कामातून गेला. खोकायचा. आम्ही म्हणायचो, मैदानाची धूळ. तोही म्हणायचा, धूळच. ती धूळ तीस वर्षं टिकली.

मग एकदा चुळा भरता भरता रक्त आलं आणि सीटी स्कॅन झाला. ब्रॉंकिएक्टॅसिस. हा शब्द उच्चारायलाच एक फुप्फुस जास्तीचं लागतं. डॉक्टरांनी नीट समजावलं, आणि मी ते सगळ्या आळीला आमच्या भाषेत सांगितलं : स्वेटरच्या बाहीचं इलॅस्टिक गेलं की बाही जशी भोंगळ होते, तशा याच्या श्वासनळ्या सैल होऊन रुंद झाल्यात. गेलेलं इलॅस्टिक परत येत नाही. त्या भोंगळ जागेत कफ साचतो, साचला की त्यात जंतू बिऱ्हाड करतात, जंतू माजले की ताप येतो आणि नळ्या आणखी सैल होतात. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ कफ बाहेर काढायचा. पलंगाचा पायथा उंच करायचा, माणसाला पालथं झोपवायचं आणि वाटीसारख्या तळहातानं बरगड्यांवर थोपटायचं. वीस मिनिटं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक गोष्ट मात्र दोनदा बजावली : थुंकीत लाल दिसलं, तर त्या दिवशी अंगाला हात लावायचा नाही.

दोन्ही वेळा थोपटून वहिनींचं मनगट सुजलं. मग सकाळची पाळी मी घेतली. दुकान साडेदहाला उघडायचं, मला सकाळी उद्योग तरी काय. आणि पहिल्याच आठवड्यात मला शोध लागला की नुसत्या थोपटण्यानं जेवढा कफ सुटतो, त्याच्या दुप्पट हसण्यानं सुटतो. हसलं की खोकला येतो, खोकला आला की तळातलं वर येतं. झालं! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बंडला औषध म्हणून चालायला लागल्या.

हत्तीची गोष्ट त्यातली सगळ्यात गुणकारी. एक गिऱ्हाईक आलं, म्हणालं हत्तीला झूल शिवायचीय. मी म्हटलं, माप? तर म्हणे माप कशाला, हत्तीच आणलाय. हत्ती गुलमंडीच्या गल्लीत शिरला आणि अडकला. पुढं जाईना, मागं येईना. मी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मीटरपट्टी घेऊन त्याच्या पाठीचं माप घेतोय, खाली शंभर माणसं, आणि मांजरपाटाच्या धुळीनं हत्तीला आली शिंक... बत्तीस तागे उलगडत उडाले, ते सिटी चौकापर्यंत पताकांसारखे लटकले. इथवर आलो की रंगनाथचं पालथं अंग गदगदायला लागायचं. "बास... शेट... बास..." आणि मग खोकला, आणि मग प्लास्टिकच्या मापाच्या पेल्यात पार वरच्या रेघेपर्यंत. आतून वहिनी ओरडायच्या, "भावजी, हत्ती आवरा आता, पोहे झालेत!"

वर्षातून एकदा फुप्फुसांची परीक्षा असायची. फुंकायची. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याचं नळकांडं, छातीभरून श्वास घ्यायचा आणि एका झटक्यात सगळा बाहेर. पहिल्या सेकंदात किती हवा निघाली आणि एकूण किती, असे दोन आकडे यंत्र देतं. यंत्रावर रहीमभाई. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. फुंकतो पेशंट, घाम याला. "सर, लंबा सांस लेव... और लेव... अब फूँको! फूँको फूँको फूँको! और, और, और... अरे, रुक कायको गए?"

रंगनाथ थांबायचा. दरवेळी. सुरुवात तोफेसारखी, आणि मध्येच गप्प. यंत्रावरची रेघ सुरेख चढायची आणि कात्रीनं कापल्यासारखी संपायची. तीनदा झालं, पाचदा झालं, आठदा झालं. यंत्रानं लिहून दिलं की प्रयत्न पुरेसा नाही. हा भडकला. "मला? मला प्रयत्न पुरेसा नाय म्हणतंय हे डबडं?" डॉक्टरबाई नव्या होत्या, वयानं आमच्या पोरींसारख्या. त्या बुचकळ्यात पडल्या. स्कॅनमध्ये आजार एवढा दिसतोय, आणि फुंकीत एकूण हवाच कमी भरल्यामुळं दोन आकड्यांचा मेळ असा बसतोय की आजार बिचारा साधाच वाटावा.

मला कळलं. मी कापडवाला, मापात कुठं काय धरलं जातं ते मला कळतं. कापड सैल धरलं तर एक माप, ताणून धरलं तर दुसरं. इथं तर माणूसच दम धरून बसला होता. रेडर कधीच सगळा दम खर्च करत नाही. परत मधल्या रेषेपर्यंत यायचं असतं, तेवढा तो वेगळा काढून ठेवतो. तीस वर्षं मैदानावर ओरडून त्यानं पोरींना हेच शिकवलं होतं : परतीचा दम मोडायचा नाय! आता त्याच माणसाला कुणी सांगितलं की पार शेवटचा थेंब सोड, तर त्याचं अंगच ऐकत नव्हतं.

मी रहीमभाईंना हे सांगितलं. ते जरा वेळ रंगनाथकडं बघत राहिले. मग ड्रेसिंगची पांढरी पट्टी आणली, खुर्चीसमोर फरशीवर हातभर चिकटवली. "सर, ये तुम्हारी बीच की लाइन. पाँव रखो इसपे. रखा? अब तुम घर पहुँच गए. आउट करनेवाला कोई नै. अब बचाके क्या करते? छोड दो सब."

रंगनाथनं रेषेवर पाय ठेवला. डोळे मिटले. आणि फुंकला... मी वाढवून सांगत नाही, इथं मला वाढवायची गरजच नाही, तो इतका वेळ फुंकत राहिला की मी माझा श्वास धरून ठेवला होता तो मला सोडावा लागला. निळा पडला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि कागदावर ग्राफ उमटला. मधोमध खोल गेलेला, बाळाच्या झोळीसारखा. बाईंनी कागद हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच खरं माप आलं होतं.

त्यानंतर दरवर्षी बाई एक गुणपत्रिका भरायच्या. वय किती, वजन किती, फुंकीचा आकडा किती, स्कॅनमध्ये फुप्फुसाचे किती कप्पे बिघडले, थुंकीत कोणता जंतू, किती चाललं की दम लागतो, दोन वर्षांत किती वेळा दवाखान्यात राहावं लागलं, आणि वर्षभरात किती वेळा आजार उसळून अँटिबायोटिक घ्यावं लागलं. प्रत्येकाला गुण. बेरजेवर ठरायचं, आजार हलका, मध्यम की तीव्र. रंगनाथ म्हणायचा, "आयुष्यात इतके चांगले मार्क कधी पडले नाय, आणि आता पडतात तर बाई तोंड वाकडं करतात." वजनकाटा, स्कॅन यांना कुणी फसवू शकत नाही. पण शेवटचे सवाल तोंडी असतात. रंगनाथला बोलता बोलता खोकला यायचा, म्हणून तोंडी परीक्षा त्याच्या वतीनं मी द्यायचो. इथंच आता मला खरं सांगायचंय, आणि इथंच पेन अडतंय.

दोन हिवाळ्यांमागची गोष्ट. निवृत्त होऊनही तो शाळेमागच्या मैदानावर पोरींना कबड्डी शिकवत होता, आणि त्या वर्षी त्याच्या पोरी राज्याच्या सामन्यांना निघाल्या होत्या. आम्ही दोघं रिक्षानं दवाखान्यात चाललो होतो. पैठण गेटाशी गर्दीत रिक्षा अडकली आणि तो म्हणाला, "शेट, आज बाई विचारतील वर्षात कितीदा बिघडलं. एकदा सांग."

"पाचदा झालंय."

"मला म्हायती नाय व्हय? एकदा सांग."

"कामून?"

"सामने आठ दिवसांवर आलेत. पाच म्हणलास की बाई चौदा दिवस झोपवून सुया लावतील. मागल्या खेपेलाच म्हणल्या व्हत्या."

"मग पुढल्या वर्षी ने पोरींना."

"पुढल्या वर्षी निम्म्यांची लग्नं झालेली असतील." जरा खोकला, रिक्षाबाहेर थुंकला, आणि मग त्याचं ते हलकट हसू आणून म्हणाला, "जल्मभर वाढवून सांगितलंस. एकदा कमी करून दाखव की. का जमत नाय?"

डिवचलं मला. त्याला माझी नस ठाऊक होती. बाईंनी विचारलं आणि मी असा काही रंगलो की काय सांगू. "एकदाच हो मॅडम! तेही पावसात भिजला म्हणून." बंडल पक्कं बसावं म्हणून त्याला एक बारीकसं शेपूट लावायचं असतं, ते पावसाचं शेपूट मी लावलं. "थुंकीत रक्त?" "छे छे, मधूनच पान खातो तो, त्याचा रंग." बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला टेबलाच्या या बाजूनं दिसलं नाही. बेरीज झाली, मध्यम. गोळ्या दिल्या, थुंकी तपासायला घेतली, तीन आठवड्यांनी या म्हणाल्या. जिना उतरताना रंगनाथनं माझ्या पाठीवर हात मारला. "पास झालो आपण!"

सामन्यांना मीही गेलो, पिशव्या उचलायला. तिथं त्याला शिट्टी वाजवता येईना. तर हा गडी तळहात वाटीसारखे करून टाळ्या वाजवायला लागला, मी रोज त्याच्या पाठीवर वाजवायचो तशा, आणि पोरी त्या ठोक्यांवर खेळायच्या. गल्लीत मी सगळ्यांना सांगितलंय की पोरी अंतिम सामना जिंकल्या आणि पंचांनी उठून रंगनाथच्या पायाला हात लावला. खरं म्हणजे उपांत्य फेरीत दोन गुणांनी हरल्या. शेवटची रेड टाकलेली पोरगी रडत आली, "सर, परतीचा दम ठेवला होता मी. रेषा लांब पडली." रंगनाथनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रेषा हाय तिथंच असती, पोरी. मोजायला चुकलीस. म्या बी लई वेळा चुकलोय."

परत आलो, तेव्हा तो तापानं फणफणत होता. पेला हिरवट-लाल भरायला लागला. थुंकीचा अहवालही आला, त्यात ज्याचं नाव यायला नको तो चिवट जंतू. तीन आठवडे दवाखान्यात. त्यातून उठला, पण फुंकीचा आकडा जो खाली बसला तो उठला नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालायची परीक्षा असते. पूर्वी त्यात तो बाकीच्या पेशंटना मागं टाकून वर त्यांना चिडवायचा. आता दोनदा खुर्ची शोधायचा. मग जिना सुटला, मग गल्ली सुटली, मग घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं आणि त्याच्या घुमण्यात मला हत्तीची गोष्ट मोठ्या आवाजात सांगावी लागायला लागली. नळाला पाणी यायच्या दिवशी वहिनींची भांड्यांची धावपळ, यंत्राची घुमघुम, माझं थोपटणं, त्याचा खोकला... त्या खोलीत तेव्हा एखाद्या लग्नघरासारखा गोंगाट असायचा.

एकदा थोपटता थोपटता मी विचारलं होतं त्याला. तोंड उशीत होतं त्याचं, म्हणून विचारता आलं. "रंग्या, त्या दिवशी पाच म्हणायला पाहिजे होतं का रे मी?"

मग उशीतूनच, "रेड माझी व्हती. तू नुसता बाहेरून ओरडत व्हतास." आणि लगेच, "हत्तीचं सांग."

सांगितलं. पण त्याच्या म्हणण्यानं माझं भागलं नाही. पाच म्हणालो असतो तर बेरीज तीव्रमध्ये गेली असती, तेव्हाच सुया लागल्या असत्या, जंतू तेव्हाच आटोक्यात आला असता. कदाचित काहीच वेगळं झालं नसतं. इलॅस्टिक तर कधीच गेलेलं होतं... पण या 'कदाचित'वर झोप लागत नाही. तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी उठलो आणि डॉक्टरबाईंकडं जाऊन बसलो.

व्हरांड्यात रहीमभाई भेटले. त्यांनी दारातून आत, खुर्चीसमोरच्या फरशीकडं बोट केलं. पट्टी तिथंच होती. मळून काळी झालेली, कडा उचकटलेल्या. "अब सबको खडा करता मैं उसपे," म्हणाले, "काम करती चाचा, लाइन."

बाईंना मी सगळं सांगितलं. एक म्हणालो ते पाच होते, पावसाचं खोटं, पानाचं खोटं. त्यांनी शांतपणे ऐकलं. रंगनाथची फाइल त्यांनी मागवून घेतली होती, टेबलावर होती. म्हणाल्या, "काका, घरची माणसं नेहमी कमीच सांगतात. आम्हाला सवय असते. तुम्ही एक म्हणालात, मी तेव्हा तीन धरले होते. तीन झाले की पुढं पाच काय नि सहा काय, गुण तेवढेच. तुमच्यामुळं काही बिघडलं नाही."

किती हलकं वाटायला हवं होतं मला! पण मी छत्तीस वर्षं लोकांच्या तोंडाकडं बघत कापड विकलंय. हे बोलताना बाईंचा हात फाइलवर होता, आणि फाइल बंद होती. त्यांनी ती उघडली नाही. मीही उघडा म्हणालो नाही. त्यांनी खरंच तीन धरले असतील, किंवा समोर बसलेल्या म्हाताऱ्याची कीव येऊन तिथल्या तिथं धरले असतील. बंडल असेल तर उत्तम होतं, माझ्या तोडीचं. मी नमस्कार करून उठलो आणि क्रांती चौकापर्यंत चालत आलो, हात मागं बांधून, कुणाला थोपटू नयेत म्हणून.

मागच्या रविवारी वहिनींनी बोलावलं. "भावजी, पलंगाखालच्या विटा काढून द्या, मला एकटीला पलंग उचलंना." मी सातलाच गेलो. यंत्र परत गेलेलं होतं, मापाचा पेला धुऊन खिडकीत पालथा घातलेला होता. त्यांनी पलंग धरला, मी खाली बसलो, आणि खाली बसल्यावर, त्यांचा चेहरा दिसत नसताना, एकदाचं सांगून टाकलं. की त्या दिवशी मी बाईंना एकदा म्हणालो आणि खरे पाच होते.

वहिनी पलंग धरून तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पाच नव्हते भावजी. सात व्हते."

"मला तर तो पाचच..."

"तुम्हाला पाच सांगितले. तुम्हाला दोनदा यांचं पोट बिघडलं म्हणून दारातून परत धाडलं व्हतं, आठवतंय? पोट कशाचं. रक्त पडत व्हतं. लाल दिसलं की हात लावायचा नाय असं त्या बाईंनी सांगितलेलं ना. हे म्हणले, शेटला कळालं तर भेदरल, मग यायचंच बंद करल. त्याला काय बी सांगू नको."

मी वीट धरून बसून राहिलो. जन्मभर मी सगळ्या गावाला वाढवून सांगितलं, आणि हा माणूस समोर पालथा पडून मला कमी करून सांगत होता. सोळा वर्षांत माझ्या नाकाखालून एवढं मोठं बंडल गेलं आणि मला पत्ता नाही. मी डॉक्टरबाईंना फसवलं, ते त्यानं शिकवलं म्हणून. मला फसवलं ते कशासाठी, तर मी सकाळी सातला यावं म्हणून.

एक वीट निघाली. पलंग एका कुशीवर कलला, करकरला, आणि त्याची उशी घरंगळत माझ्या अंगावर आली. दुसऱ्या विटेला हात घातला, पण मला ती ओढवेना. वहिनींनीही काही घाई केली नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आज." मी काढलेली वीट परत सरकवली. पलंग पुन्हा आपल्या उतारावर नीट बसला. त्या पोहे करायला आत गेल्या, आणि मी कडेला बसून उशी जागेवर ठेवली, आणि हात सुरू झाले. गादीवर, बरगड्यांच्या उंचीवर, न थांबता, न घाई करता. तोंडही सुरू झालं, सवयीनं. फक्त या वेळी मी ठरवलं की काहीही वाढवायचं नाही, आणि काही कमीही करायचं नाही. जे झालं तेच सांगायचं. एक गिऱ्हाईक आलं होतं. दुपारची वेळ होती, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. त्यानं चार मीटर मांजरपाट मागितलं. मी मोजून दिलं, त्यानं घडी काखेत मारली आणि गेलं.

आत परातीचा आवाज थांबला. वहिनी दारात आल्या, हातात ओले पोहे तसेच.

"भावजी," त्या म्हणाल्या, "हत्ती कुठंय?"